‘हे नको’ म्हटलेलं नेमकं कुठे जातं?

बाई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेसबुकवर मुलीने टाकलेले नातवाचे फोटो दोन-दोन दिवस उशिरा दिसतात, कधी दिसतच नाहीत. त्यांच्या जागी रस्त्यावरचे अपघात, कुणाच्या तरी घरातली भांडणं आणि राजकारण. ‘हे नको’ असं सांगून सांगून बोट दुखलं, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. मग हे बटण खरं आहे की नुसतं शोभेचं? आणि फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेत, काय यावं हे आपणच ठरवू, अशी काही सोय आहे का?

बटण खरं आहे. फक्त ते फार उशिराच्या पायरीला जोडलेलं आहे. मी बारा वर्षं याच कामात काढली, त्यातली बरीचशी फीडचा क्रम लावणाऱ्या टीममध्ये. म्हणून आधी आत काय चालतं ते सांगते. ते कळलं की कुठली बटणं दाबायची आणि कुठली सोडून द्यायची हे तुमचं तुम्हालाच कळेल.

घरी धान्य साफ करताना तीन वेगवेगळी कामं असतात. चाळणं, पाखडणं आणि निवडणं. चाळणीतून माती-भुसा एका झटक्यात खाली जातो, सुपाने फोलपटं उडतात आणि शेवटी परातीत पसरून एकेक खडा बोटाने वेचायचा. फीडचंही तसंच आहे. ट्विटरने 31 मार्च 2023 रोजी आपल्या शिफारस यंत्रणेचा बराच कोड सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून हे उदाहरण आकड्यांसकट देता येतं. पहिल्या पायरीवर कोट्यवधी पोस्टमधून तुमच्यासाठी साधारण 1500 बाजूला काढल्या जायच्या, त्यातल्या सरासरी निम्म्या तुम्ही फॉलो करता त्यांच्या आणि निम्म्या अनोळखी लोकांच्या. ही चाळणी. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक पोस्ट पाहून तुम्ही काय कराल याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजांना वजनं लावून क्रम ठरवायचा. हे पाखडणं. आणि शेवटी ब्लॉक केलेले, म्यूट केलेले, एकाच माणसाचे सलग आलेले असे खडे वेचायचे.

दुसऱ्या पायरीची वजनं तेव्हा जाहीर झाली होती. लाइकला 0.5, रिट्वीटला 1, प्रतिसादाला 13.5, आणि तुम्ही दिलेल्या प्रतिसादाची मूळ लिहिणाऱ्याने दखल घेतली तर 75. उलट बाजूला ‘मला हे नको’ला उणे 74 आणि तक्रारीला उणे 369. म्हणजे कागदावर तुमचा एक नकार 148 लाइकना पुरून उरतो. मग अनुभव उलटा का?

कारण वजनाला गुणलं जातं ते शक्यतेने. ‘ही बाई या पोस्टवर नको म्हणेल’ याची शक्यता मॉडेल (अंदाज बांधणारा प्रोग्रॅम) आधीच काढतं आणि तिला 74 ने गुणतं. माणसं नकाराचं बटण क्वचितच दाबतात, त्यामुळे ही शक्यता जवळजवळ नेहमीच नगण्य निघते. समजा ती दहा हजारांत एक असेल, तर नकाराचा सगळा भार 0.0074. तेवढाच भार लाइक होण्याची शक्यता दीड टक्का असली की तयार होतो. दीड टक्का म्हणजे काहीच नाही. भलंमोठं वजन लावलेला नकार असा साध्या, आळसावलेल्या लाइकपुढे फिका पडतो.

आता न दाबता दिल्या जाणाऱ्या खुणा. एखाद्या पोस्टवर माणूस किती वेळ थांबला हेही क्रमात धरू, असं फेसबुकने जून 2015 मध्येच सांगितलं होतं. अपघाताचा व्हिडिओ आला की तुम्ही दचकून थांबता. रस्ता ओळखीचा आहे का, गाडी कुठली, आपलं कुणी नाही ना, हे बघता. यात पाच-सात सेकंद जातात. मग हळहळ वाटून तुम्ही ‘नको’ दाबता. यंत्राच्या वहीत दोन नोंदी होतात: ‘थांबली’ आणि ‘नको म्हणाली’. थांबण्याच्या नोंदी दिवसाला शेकडो, नकाराच्या एक-दोन. कुणाचं ऐकलं जाणार?

रागाचंही असंच झालं. फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून 2021 मध्ये बाहेर आलं, की 2017 पासून इमोजी प्रतिक्रियांना लाइकच्या पाचपट वजन होतं, आणि त्यात रागाचा चेहराही होता. ‘किती वाईट हे!’ म्हणून लाल तोंड दाबणारा माणूस प्रत्यक्षात त्या पोस्टला पाच लाइक देत होता. सप्टेंबर 2020 मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं. मधल्या तीन वर्षांत किती घरांतली जेवणं कडू झाली असतील याचा हिशोब कुठल्याच डॅशबोर्डवर नसतो.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मोजून काढलेलं उत्तर मोझिला या फायरफॉक्स ब्राउझरवाल्या संस्थेच्या 2022 च्या अभ्यासात आहे. तो यूट्यूबपुरता होता, पण धडा सगळीकडे लागू पडतो. बावीस हजारांहून जास्त लोकांनी आपल्या ब्राउझरमधून माहिती दिली. बटण न दाबणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा ‘रस नाही’ या बटणाने नको असलेल्या शिफारशी फक्त 11 टक्के टळल्या, नापसंतीच्या अंगठ्याने 12 टक्के, पाहिलेल्या यादीतून व्हिडिओ काढून टाकल्याने 29 टक्के, आणि ‘हा चॅनेल सुचवू नका’ याने 43 टक्के.

हे आकडे मला आवडतात, कारण त्यांचा चढता क्रम आतल्या रचनेशी तंतोतंत जुळतो. ‘रस नाही’ हे परातीतला एक खडा वेचणं. ‘हा चॅनेल नको’ हे चाळणीचं भोक बुजवणं. तिथून माल पुढे येतच नाही. आणि पाहिलेल्या यादीतून व्हिडिओ काढणं म्हणजे अंदाज ज्यावर बांधला जातो ते पानच फाडणं. म्हणून माझा पहिला सल्ला: पोस्टला नकार देत बसू नका, ती जिथून येते त्या जागेला नकार द्या. फेसबुकवर तीन टिंबांखाली ‘कमी दाखवा’ असा पर्याय असतो. त्याचा परिणाम तात्पुरता असतो, हे कंपनीने तो आणला तेव्हाच सांगितलं होतं. त्याच यादीत खाली त्या पेजचं सगळंच लपवण्याचा पर्याय असतो, तो दाबा. नात्यातला कुणी रोज राजकारण टाकत असेल तर मैत्री तशीच ठेवून अनफॉलो करता येतं, आणि त्याला ते कळत नाही. लग्नसराईत समोरासमोर यायचं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

यूट्यूबवर पाहिलेल्यांची नोंद ठेवणं बंद केलं आणि जुनी पुसली, की पहिलं पान जवळजवळ कोरं दिसतं. यूट्यूबनेच ऑगस्ट 2023 पासून तसं केलंय. पहिल्यांदा बघाल तर घाबराल, दुकान रिकामं झाल्यासारखं वाटतं. मग खालच्या सबस्क्रिप्शनवर जायचं आणि आपले भजनाचे, पाककृतीचे चॅनेल बघायचे.

शब्दांची गाळणी हा दुसरा उपाय लोक हमखास सुचवतात. इन्स्टाग्राम, एक्स (म्हणजे आधीचं ट्विटर), त्याच्यासारखेच मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय, सगळीकडे नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. इंग्रजीत ती बऱ्यापैकी चालते. मराठीत का चालत नाही, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

बहुतेक याद्या शब्द अक्षरशः जुळवतात. इंग्रजीत ‘इलेक्शन’चं फार तर एक अनेकवचन होतं. मराठीत तुम्ही ‘निवडणूक’ लिहिलंत तरी बातमीत येणार ‘निवडणुकीत’, ‘निवडणुकीच्या’, ‘निवडणुकांसाठी’. सामान्यरूप झालं की दीर्घ ‘णू’ ऱ्हस्व होतो, शेपटीला प्रत्यय लागतो, आणि यंत्राच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द ठरतो. त्यातून अर्धा महाराष्ट्र मूळ शब्दच ‘निवडणुक’ असा ऱ्हस्व लिहितो (तुम्ही शाळेत आयुष्यभर लाल शाईने दुरुस्त केलात, तरीही). ‘अपघात’ त्यामानाने सरळ, पण लोक लिहितात ‘ॲक्सिडेंट’, ‘ॲक्सिडंट’, ‘ॲक्सीडेंट’. आणि त्यातला पहिला ‘ॲ’ संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र बसवून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ऱ्याचीही हीच गत. वर रोमन लिपीत मराठी लिहिणारे आहेतच, त्यांच्या स्पेलिंगला तर काही नियमच नाही. आणि व्हिडिओवर रंगीत पट्टीत रंगवलेला मजकूर या शब्दयाद्यांना बहुतेक वेळा दिसतच नाही. तिथे अपघात ठळक लाल अक्षरांत लिहिलेला असतो आणि खाली मजकुरात फक्त हात जोडलेला इमोजी.

मॅस्टोडॉनवर ‘पूर्ण शब्द’ ही खूण काढून टाकता येते. मग ‘अपघात’ म्हटलं की ‘अपघातात’, ‘अपघाताची’, ‘अपघाती’ सगळं पकडलं जातं. निवडणुकीसाठी ‘निवडणू’ आणि ‘निवडणु’ अशी दोन तुकड्यांची नोंद पुरते. पण तुकडे जपून निवडावे लागतात. एका जुलैत पावसाच्या बातम्यांना कंटाळून मी ‘पाऊस’ आणि ‘पावस’ असे दोन तुकडे घातले, आणि रत्नागिरीजवळच्या पावस गावाबद्दलची माझ्या मावसभावाची पोस्ट गायब झाली. तो अजून टोमणे मारतो. जिथे असं तुकड्याने गाळता येत नाही तिथे निदान पाच-सहा रूपं हाताने घाला: मूळ शब्द, ‘-ात’, ‘-ाचा’, ‘-ाची’, ‘-ाच्या’, आणि अनेकवचन. कंटाळवाणं आहे. मराठीची रूपं ओळखणारी गाळणी बनवणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. ती कुणाच्या कामाच्या यादीत वर येत नाही, एवढंच.

मग सरळ वेळेच्या क्रमाने दाखवा ना, अल्गोरिदम हवाच कशाला, असं तुम्ही म्हणाल. हा पर्याय आहे. फेसबुकच्या मेनूत ‘फीड्स’ म्हणून जागा आहे, जुलै 2022 पासून. इन्स्टाग्रामने मार्च 2022 मध्ये ‘फॉलोइंग’ आणि ‘फेव्हरिट्स’ परत आणलं. एक्सवरही ‘फॉलोइंग’ आहे. तिथे क्रम ‘नवीन आधी’ आहे ना, हे एकदा तपासून घ्या. पण वेळेचा क्रम म्हणजे रामबाण नव्हे. तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं उदाहरण घ्या. तिथे कुठलाही अल्गोरिदम नाही, सगळं वेळेप्रमाणे. सकाळी सहाला शुभ सकाळचे अकरा फुलांचे गुच्छ, मग एक आयुर्वेदिक उपाय, मग त्यावर वाद, आणि भाचीच्या निकालाची बातमी त्या ढिगाखाली. वेळेच्या क्रमात जो जास्त बोलतो त्याचंच राज्य असतं.

2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात संशोधकांनी मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, सहकार्याने काही फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरकर्त्यांचं फीड तीन महिने वेळेच्या क्रमावर टाकलं. निष्कर्ष जुलै 2023 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आले. लोकांचा ॲपवरचा वेळ बराच घटला. पण राजकीय मजकूर वाढला, अविश्वसनीय ठिकाणांहून येणारा मजकूरही वाढला. फेसबुकवर शिवराळ मजकूर कमी झाला. आणि लोकांची राजकीय मतं किंवा एकमेकांबद्दलचं वैर यात मोजण्याजोगा फरक पडला नाही. दोन्ही बाजूंचे लोक या अभ्यासातलं आपल्या सोयीचं वाक्य उचलतात. मला त्यातला पहिला निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो: वेळ घटला. कंपन्या हा पर्याय तीन टिचक्यांआड का ठेवतात, याचं उत्तर तिथे आहे.

आमच्या टीमने एकदा वापरकर्त्यांसाठी सरकपट्ट्यांचं पान बनवलं होतं. मित्र जास्त की कमी, बातम्या जास्त की कमी, अनोळखी लोक जास्त की कमी. मी त्यावर चार महिने घालवले. ते पान सेटिंगमध्ये पाच टिचक्या आत ठेवलं गेलं. फार थोड्यांनी उघडलं. जे पोचले त्यांनी एकदा पट्ट्या लावल्या आणि परत कधी फिरकले नाहीत. बैठकीत निष्कर्ष निघाला, ‘लोकांना नियंत्रण नकोच असतं.’ मी म्हटलं, पंख्याचा रेग्युलेटर पण आपण रोज फिरवत नाही, म्हणून काय तो काढून टाकायचा? हशा झाला, आणि पुढच्या तिमाहीत पान गेलं.

इथे माझं मत स्पष्ट आहे. किती बटणं दिलीत याला अर्थ नाही. एकदा केलेली निवड टिकते का, हे बघायचं. तुम्ही ‘फॉलोइंग’ उघडलंत, ॲप बंद केलंत, पुन्हा उघडलंत की परत कंपनीचंच फीड समोर. सुचवलेल्या पोस्ट इन्स्टाग्रामवर बंद करता येतात, पण 30 दिवसांपुरत्या. एकतिसाव्या दिवशी पाहुणे परत हजर. रोज नव्याने नकार द्यावा लागणं हा माणसाला थकवायचा जुना मार्ग आहे.

युरोपात नेमकं यावरच भांडण झालं. तिथला डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या मोठ्या मंचांना 25 ऑगस्ट 2023 पासून लागू होऊ लागला. त्याच्या 38 व्या कलमाप्रमाणे, तुमची वर्तणूक तपासून न बनवलेलं निदान एक फीड उपलब्ध असलंच पाहिजे. मेटाने ते दिलं, पण ॲप पुन्हा उघडल्यावर निवड टिकत नव्हती. बिट्स ऑफ फ्रीडम नावाची डच संस्था न्यायालयात गेली आणि 2 ऑक्टोबर 2025 रोजी, नेदरलँड्सच्या निवडणुकीला चार आठवडे उरले असताना, ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने सांगितलं की वापरकर्त्याची निवड कायम राहिली पाहिजे. सगळा खटला ‘निवड टिकते का’ या एका मुद्द्याभोवती होता. निकाल वाचला तेव्हा मला ते सरकपट्ट्यांचं पान आठवलं.

आपल्याकडे 2021 चे आयटी नियम 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मंचांवर तक्रार अधिकारी नेमण्यासारखी बंधनं घालतात. पण त्यांचा भर काय काढून टाकायचं यावर आहे. काय वर दाखवायचं आणि त्यात तुमचा शब्द किती, याबद्दल युरोपसारखा हक्क भारतात नाही. म्हणजे अपघाताचा व्हिडिओ बेकायदा असेल तर तुम्ही तक्रार करू शकता. तो कायदेशीर आहे पण तुम्हाला रोज नको आहे, यासाठी दाद मागायला जागा नाही.

गंमत म्हणजे हे नियंत्रण एके काळी वापरकर्त्याच्याच हातात होतं. 1984 मध्ये लॅरी वॉल या प्रोग्रॅमरने यूझनेट (संगणकांवरचे जुने चर्चागट) वाचण्यासाठी ‘आरएन’ हा प्रोग्रॅम लिहिला, त्यात ‘किल फाइल’ होती. नको ते विषय त्यात लिहून ठेवायचे, ते पुन्हा डोळ्यांपुढे येत नसत. फाइल तुमच्या यंत्रावर, नियम तुमचे. नंतर वाचण्याचा प्रोग्रॅम आणि मजकूर साठवणारी जागा एकाच मालकाची झाली आणि फाइल गेली. परत आणायचे प्रयत्न झाले. 2017 मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये एथन झुकरमन यांच्या गटाने ‘गोबो’ हे फीड गाळायचं साधन बनवलं, ज्यात सरकपट्ट्या खरोखर तुमच्या हातात होत्या. लुई बार्कले या ब्रिटिश प्रोग्रॅमरने एका झटक्यात सगळ्यांना अनफॉलो करणारं साधन बनवलं, तर 2021 मध्ये त्याला फेसबुककडून कायदेशीर नोटीस आली. तसंच साधन बनवायची मुभा मागत झुकरमन 2024 मध्ये अमेरिकेत न्यायालयात गेले. साधन अजून तयारच नाही, मग निकाल कशावर द्यायचा, अशा कारणाने दावा फेटाळला गेला.

आज या दिशेने सगळ्यात पुढे ब्लूस्काय आहे. तिथे 2023 पासून कुणीही स्वतःचं फीड बनवू शकतो आणि इतर ते निवडू शकतात. चाळणी, सूप, परात, तिन्ही गोष्टी कंपनीबाहेरच्या माणसाच्या हातात. मी स्वतः मराठी पोस्टचं एक फीड बनवून पाहिलं. भाषेची खूण पुष्कळदा चुकीची असते, लोक ती बदलत नाहीत, म्हणून मी ‘ळ’ असलेल्या देवनागरी पोस्ट पकडायच्या ठरवल्या. हिंदी एका फटक्यात गळाली, मी खूश. आठवड्याने दोन गोंयकारांनी प्रेमाने कान उपटले: कोंकणीतही ‘ळ’ भरपूर आहे. चूक माझी होती आणि ती मी दहा मिनिटांत दुरुस्त केली. तशी दुरुस्ती मोठ्या मंचावर कुणाकडे मागायची, हे मला आतून काम केलेल्या माणसालाही सांगता येणार नाही. पण तुमची मैत्रिणींची भिशी, शाळेचा ग्रुप आणि मुलगी ब्लूस्कायवर नाही, फेसबुकवर आहे. त्यामुळे आजच्या दुपारपुरतं तिथलंच बोलू.

तीन-चार दिवस, दिसेल त्या अपघाताच्या पोस्टवर ‘नको’ दाबण्याऐवजी त्या पेजचंच सगळं लपवा. वीस-पंचवीस पेजेस गेली की फरक दिसायला लागेल. ही पेजेस वाटतात तितकी असंख्य नसतात, तीच ती फिरत असतात. व्हिडिओ आला की थांबू नका, वाईट वाटलं तरी बोट पुढे सरकवा. रागाचा चेहरा, ‘अरेरे’ची कमेंट, दोन्ही टाळा. फेसबुक उघडल्यावर थेट मेनूतल्या ‘फीड्स’मध्ये जायची सवय लावा, तिथे ‘फ्रेंड्स’ असा वेगळा कप्पा आहे. दर वेळी जावं लागेल, ते टिकत नाही, त्याबद्दल वर चिडून झालंच आहे.

आणि नातवासाठी ‘फेव्हरिट्स’मध्ये, म्हणजे ज्यांच्या पोस्ट आधी दिसाव्यात त्यांच्या यादीत, मुलीचं नाव घाला. तिथे तीस नावांची जागा असते. तुम्ही एकच घातलंत तरी चालेल.